बेचाळीस नंबरचा फॉर्म

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय केशवरावजी गावंडे, व्यासपीठावर बसलेले प्राचार्य महोदय आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण एवढ्या उन्हात जमलो त्या डॉ. प्रियदर्शनी इंगोले मॅडम, सर्व प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, निरीक्षणगृहातून आलेल्या माझ्या भगिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

एवढी नावं मला पाठ होत नाहीत म्हणून मॅडमच्या विद्यार्थिनीनं, आरतीनं, ती कागदावर लिहून दिली. कोणाचं राहिलं असेल तर ते माझ्या चष्म्यामुळे, तिच्यामुळे नाही. बाकीचं मी स्वतः लिहून आणलं आहे. लिहून नाही आणलं तर माझं बोलणं वऱ्हाडी होतं, आणि पाहुणे पुण्याचे आहेत. त्यांना वाटायचं ही बाई भांडून राहिली.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे आधीच सांगते. केशवरावजी, तुम्ही घंटी वाजवाल, पण कूलरच्या आवाजात मला ती ऐकू येईल याची खात्री देत नाही.

मी कौशल्या पुंजाराम मेहरे. शिक्षण सातवी. इथल्या इतवारा बाजारात माझं भाजीचं दुकान होतं. आता बारा वर्षं झाली, मी या महाविद्यालयाच्या संशोधनासाठी घरोघरी फिरून फॉर्म भरते आणि दर गुरुवारी निरीक्षणगृहात आयांची बैठक घेते. नवीन विद्यार्थ्यांसाठी सांगते, अठरा वर्षांच्या आतला मुलगा एखाद्या गुन्ह्यात सापडला की चौकशी होईपर्यंत त्याला जिथे ठेवतात ते निरीक्षणगृह. खूप लोक त्याला लहान पोरांचं जेल म्हणतात. मॅडमसमोर म्हणू नका, त्या अजून अर्धा तास समजावून सांगतील आणि मग पाहुण्यांची गाडी सुटेल.

माझ्या आधी सहा जण बोलले. सगळे चांगलं बोलले. एका सरांनी म्हटलं की मॅडमचं सर्वांत मोठं संशोधन, व्यसनात आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांवरचं, दुर्दैवानं तडीस गेलं नाही. सर, तुम्ही प्रेमानं बोललात, मी जाणते. पण काही लोक तेच दुसऱ्या तऱ्हेनं बोलतात. जिन्यात बोलतात, चहाच्या टपरीवर बोलतात. ज्यांचे आकडे चुकले त्या मॅडम, असं बोलतात. मॅडम आता घरी जाणार. त्यांच्या पाठीमागे हे वाक्य इथे राहायला नको. म्हणून सरांनी ज्याला दुर्दैव म्हटलं त्याचं नाव सांगायला मी उभी राहिले आहे. बाकी त्यांच्या स्वभावाबद्दल सगळ्यांनी सांगितलंच आहे.

मॅडमची आणि माझी ओळख रद्दीनं करून दिली.

दुकानात पुड्या बांधायला मी रद्दी किलोनं घेत असे. आणि पुडी बांधायच्या आधी कागद वाचत असे. माझे मालक, म्हणजे माझे यजमान, होते तेव्हा मला म्हणायचे, "गिऱ्हाईक उभं आहे, तू बातमी वाचून राहिली. मिरच्या सुकतीन तोवर." ते गेल्यावर तर वाचणंच एक उरलं होतं. अर्धी गोष्ट एका पुडीत, अर्धी भलत्याच्या घरी गेलेली. शेवट मी मनानंच लावून घ्यायची. माझं शिक्षण ते.

एकदा रद्दीत छापील फॉर्मचा गठ्ठा आला, कुठल्या तरी कॉलेजातून निघालेला. पेनानं भरलेले फॉर्म. नाव, पत्ता, नवरा किती पितो, मारतो का, कशानं मारतो. मी तीन वाचले आणि गठ्ठा गल्ल्याखाली ठेवून दिला. त्या संध्याकाळी मॅडम मेथी घ्यायला आल्या. मी त्यांना मास्तरीणबाई म्हणून ओळखायची, बाकी काही माहीत नव्हतं. गठ्ठा दाखवला आणि म्हटलं, "बाई, तुम्ही शिकवता म्हणून विचारते. लोकायच्या घरच्या गोष्टी हिरव्या मिरच्या बांधायले बऱ्या दिसत नाहीत. याचं काय करू?"

मॅडम तिथेच, ओल्या बारदान्यावर बसल्या. मेथी विसरल्या. गठ्ठा घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या आणि म्हणाल्या, माझ्या कामावर याल का? मी म्हटलं, मी सातवी आहे. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचं झाकून ठेवता येतं, तेवढं पुरे. बाकी मी शिकवते."

त्यांनी शिकवलं. एकशेवीस मुलांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. अमरावती, अचलपूर, अकोला. माझ्याबरोबर संघपाल होता, तो आज तिकडे खिडकीजवळ उभा आहे. मुलाचं नाव फॉर्मवर कुठेही लिहायचं नाही, फक्त नंबर. नाव आणि नंबर यांची यादी मॅडमच्या कपाटात. आपल्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या घरचा फॉर्म आपण भरायचा नाही, तो दुसऱ्याकडे द्यायचा. आणि फॉर्मच्या वर, उजव्या कोपऱ्यात एक लहान चौकट होती. मुलाखतीच्या वेळी हजर असलेली व्यक्ती. ती न चुकता भरायची.

मी ती चौकट न चुकता भरली. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर मी लिहिलं, आई.

आता हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ही माझी पद्धत होती. एखाद्याच्या घरी जायचं, त्याच्या पोराला नशेबद्दल विचारायचं, आणि त्याच्या आईला म्हणायचं की तू बाहेर बस? मला ते जमेना. आपल्याकडे कोणी असं करत नाही. मी आधी आईजवळ बसायची, तिच्या हातचा चहा घ्यायची, मग पोराला बोलवायची. निरीक्षणगृहात घ्यायची असेल तर आईच्या भेटीच्या दिवशी जायची. लेकराला धीर येईल असं मला वाटायचं. संघपाल म्हणायचा, काकू, तुमचे फॉर्म भराभर होतात, माझ्याशी पोरं बोलतच नाहीत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

अचलपूरच्या माणिकबाईचं सांगते. ती आता नाही, आणि तिच्या घरच्यांनी नाव घ्यायला हरकत नाही म्हटलं आहे. तिचा मुलगा चौदा वर्षांचा, पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा. मी सतरावा प्रश्न वाचला, नशेची पहिली वस्तू कोणाकडून मिळाली? मुलानं आईकडे पाहिलं. माणिकबाई ताटात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मुलगा म्हणाला, मित्रानं. तिचा हात पुन्हा सुरू झाला. ती मला म्हणाली, "पाहा बाई, मी म्हणत होती ना, पोरगं आपलं बरं आहे, संगतच खराब." मी लिहिलं, मित्र. मग तिनं मला जाताना दोन वांगी दिली. भाजीवालीला वांगी.

असे किती घरी. सगळीकडे मित्र. मलाही वाटलं, खरंच, या मित्रांनी वऱ्हाडातली पोरं खाल्ली. ते मित्र कोणाच्या घरचे होते, त्यांच्या आयांनी काय सांगितलं असतं, हे मला सुचलं नाही.

कामाच्या सातव्या महिन्यात निरीक्षणगृहातून नवीन मुलांची यादी आली. ती आणायला मीच गेले होते. त्यात माझ्या मुलाचं नाव होतं.

त्याचं नाव मी इथे घेणार नाही. तो माझा मुलगा असला तरी तो फॉर्म आहे, आणि फॉर्मला नाव नसतं. बेचाळीस नंबर. आधीच्या एका मुलाच्या घरच्यांनी नकार दिला होता, तो नंबर रिकामा होता.

तो पंधरा वर्षांचा होता. दोन पोरांबरोबर एका मेडिकल स्टोअरचं शटर वाकवताना सापडला. पोलीस मला म्हणाले, गल्ल्याला हात नाही लावला, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याच घेतल्या. त्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही.

का नाही वाटलं, ते सांगते. एवढंच सांगायला बारा वर्षं लागली, तेव्हा थोडं हळू सांगते.

माझे मालक अंजनगावहून माल आणत. शेतकऱ्यांकडून घ्यायचा आणि इथे विकायचा. एक दिवस मुलाला सोबत नेलं, शाळेला सुट्टी होती, त्याला गाडीत बसायची हौस. तो सहा वर्षांचा. येताना गाडी उलटली. दुपारचे दोन वाजले असतील, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लोक येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ तो फुलकोबीच्या गड्ड्यांत बापाजवळ बसून होता आणि बापाला उठ म्हणत होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. म्हणून दवाखान्यात त्याला कोणी पाहिलंच नाही. सगळे म्हणाले, देवानं लेकरू वाचवलं. मीही म्हटलं.

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. दुसरा इलाज नव्हता. पहाटे चारला हर्रासाला जावं लागायचं, उशीर झाला की चांगला माल दुसरे बोली लावून घेऊन जातात. आणि तो झोपेना. झोपला की दचकून उठायचा, मला धरून बसायचा, सोडायचा नाही. दिवसा ठीक. मला वाटलं, नाटक करतो. मग त्याला सर्दी-खोकला झाला तेव्हा मेडिकलवाल्यानं एक औषध दिलं, त्यानं तो गाढ झोपला. खोकला गेला. औषध मी बंद केलं नाही.

एक चमचा. स्टीलचा. दोन वर्षं.

मी कुलूप लावून जायची आणि परत यायची तोवर तो झोपलेला असायचा. मी देवाचे आभार मानायची. पुढे तो आठ-नऊ वर्षांचा झाला, झोपायला लागला, आणि मी चमचा थांबवला. तो विषय संपला असं मी समजले. तो तेराव्या वर्षी स्वतः बाटली विकत घेऊन प्यायला लागला, तेव्हा मी त्याला मारलं आणि विचारलं, कोणी शिकवलं तुला हे? तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

आता फॉर्मकडे येते. नियमाप्रमाणे तो संघपालकडे द्यायला हवा होता. मी दिला नाही. संघपालला कळेल, तो काय म्हणेल, हे होतंच. पण त्याहून जास्त म्हणजे, माझा मुलगा संघपालला काय सांगेल, ही भीती होती. म्हणून मी स्वतः गेले. निरीक्षणगृहातली ती कोपऱ्यातली खोली, टेबल, दोन खुर्च्या. मी इतर मुलांना विचारायची तसंच क्रमानं विचारलं. वय, शिक्षण, वडील. वडिलांच्या पुढे मी विचारलं नाही, लिहिलं. मग सतरावा प्रश्न आला. मी छापलेला होता तसाच वाचला, मान वर न करता.

तो मग म्हणाला, "मित्र लिही, आई."

मी म्हटलं, कोणता मित्र?

"लिही ना व. मित्र लिही."

मी मान वर केली. त्याला सगळं आठवत होतं, चमच्यासकट. आणि त्यानं ते माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलानं. मी लिहिलं, मित्र.

मग वरची चौकट राहिली होती. हजर असलेली व्यक्ती. मी विचार केला, मी तर विचारणारी आहे, हजर व्यक्ती थोडीच. मी लिहिलं, कोणी नाही.

एकोणिसावा प्रश्न असा होता, घरातल्या कोणाचा मृत्यू किंवा अपघात डोळ्यांसमोर पाहिला आहे का? इतरांना तो मी किती वेळा विचारला होता. त्याला कधीच नाही. असं लेकराला विचारायचं असतं, हे मला त्या कागदापर्यंत माहीत नव्हतं. तो म्हणाला, हो. पुढे तीन ओळी रिकाम्या होत्या. त्या रिकाम्याच राहिल्या.

फॉर्म जमा झाले, अहवाल झाला, सरकारच्या वरच्या कार्यालयानं तो छापला. पहिली नशा मित्राकडून. शाळांच्या भिंतींवर पाट्या लागल्या, वाईट संगत टाळा. तुम्ही पाहिल्या असतील, एक-दोन अजून आहेत. मॅडमचा सत्कार झाला, याच हॉलमध्ये. मी मागे उभी होते, तुम्ही आज उभे आहात तिथेच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मॅडमनी मला घरी बोलावलं. खाली सतरंजीवर फॉर्मचे दोन ढीग लावलेले. पुढच्या कामासाठी त्या सगळे फॉर्म पुन्हा वाचत होत्या. म्हणाल्या, कौशल्याबाई, मला एक समजत नाही. या ढिगात आई हजर आहे, एक्क्याण्णव फॉर्म. त्यातल्या चौऱ्याऐंशी मुलांनी मित्र सांगितलं. या दुसऱ्या ढिगात आई हजर नाही, एकोणतीस. बहुतेक संघपालचे. त्यात मित्र फक्त आठ. बाकीच्यांत मामा आहे, शेजारी आहे, कामावरचा मालक आहे, बाप आहे, आजी आहे. आई पण आहे.

मी म्हटलं, मी त्यांना बसवून घ्यायची मॅडम, पोराला धीर यावा म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "लेकरं आईसमोर आईला सांभाळतात, कौशल्याबाई. चूक माझी. ती चौकट मी छापली, पण कशासाठी आहे ते तुम्हाला सांगितलंच नाही."

मग त्यांनी दुसऱ्या ढिगातून एक फॉर्म काढला आणि दोन्ही ढिगांच्या मधोमध ठेवला. नावांची यादी त्यांच्याच कपाटात होती. मेहरे आडनाव त्यांनी वाचलं असणारच. अक्षर माझं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हा कोणत्या ढिगातला?"

मी फॉर्मवरचं माझंच अक्षर पाहत बसले. चहा गार झाला, मी उठून आले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की हा आकडा विश्वासाचा नाही, अहवाल मागे घ्यावा. तिथल्या लोकांनी समजावलं, मॅडम, छापून झालं, पाट्या लागल्या, आता कोण पाहतं? संगत टाळा म्हटल्यानं कोणाचं वाईट होतं? त्या ऐकल्या नाहीत. चौकशी झाली. कोणी फॉर्म भरले असं विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, माझ्या देखरेखीखाली भरले. माझं नाव त्या खोलीत एकदाही निघालं नाही. पुढचं काम मिळालं नाही. नंतर ज्या खुर्चीवर त्यांनी बसायला हवं होतं तिथे त्या बसल्या नाहीत. प्राचार्य महोदय, तुमच्याबद्दल नाही बोलत, तुम्ही तेव्हा नागपूरला होता.

आणि मी? मी गप्प राहिले. पगार घेत राहिले. यापेक्षा चांगला शब्द मला सापडला नाही.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. एक कोरा फॉर्म दिला, कोपऱ्यात बेचाळीस लिहिलेला. म्हणाल्या, ठेवा, वाटेल तेव्हा भरून आणा. मी तो दुकानाच्या वजनमापांच्या डब्यात ठेवला. दुकान गेलं, डबा आहे. त्यांनी परत कधी विचारलं नाही. पुस्तकं मात्र देत राहिल्या, आणि गुरुवारची बैठक माझ्या हाती दिली. तिथे आया वेगळ्या बसतात, मुलं वेगळी. तिथे कोणी कोणाला सांभाळायचं नसतं. किती आयांनी मला त्यांचा त्यांचा चमचा सांगितला. कोणाचं दारूत बुडवलेलं बोट, कोणाची झोपेची अर्धी गोळी, कोणाचं फक्त दार बाहेरून लावून जाणं. मी ऐकलं, डोक्यावर हात ठेवला. माझा सांगितला नाही. मी बैठक घेणारी होते ना, हजर व्यक्ती थोडीच.

माझा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. अकोल्याला बॅटरीच्या दुकानात काम करतो. सुटलं का, असं लोक विचारतात. तीनदा सुटलं, तीनदा लागलं. सध्या आठ महिने झाले. यापुढचं मी बोलत नाही. थकले आहे मी, तोही थकला आहे. आणि मॅडम, तुम्हीही थकला आहात, हारामागून दिसतं आहे. निरीक्षणगृहात दर महिन्याला नवीन यादी येते, वस्तू बदलते, वय कमी होतं. आपण काही जिंकलो नाही. हे निरोपाच्या दिवशी बोलू नये, पण खोटं तरी किती बोलायचं?

गेल्या महिन्यात मॅडमनी सांगितलं की मुदत झाली, नियमाप्रमाणे ते सगळे फॉर्म आता नष्ट करायचे, त्या जायच्या आधी. आकडे राहतील, कागद जातील. रद्दीत एकही जाणार नाही, स्वतः उभं राहून जाळणार. या येत्या सोमवारी. तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ सोमवारपर्यंतच वेळ आहे.

मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत गाडीत उभी होते, मग जागा मिळाली, पण बसवलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला आम्ही दोघं उभे राहिलो. मी त्याला म्हटलं, तुला मी औषध द्यायची, लहानपणी. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, मला ते मॅडमच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगायचं आहे, सांगू काय? तो हातावरचं काळं पुसत होता. बराच वेळ पुसत होता. म्हणाला, "काहून व आई, एवढ्या वर्षांनी?" मी म्हटलं, तुझा फॉर्म अजून दोन ढिगांच्या मधात आहे. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे.

मग म्हणाला, "तुह्यं तू सांग. माह्यं मी सांगीन."

या वेळी मी नियम पाळला. माझ्यासोबत आरती आली होती, तिनं डब्यातल्या त्या कोऱ्या फॉर्मवर मुलाखत घेतली. दुकानाच्या मालकानं त्यांना वरची खोली दिली. मी खाली, रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या बाकावर बसले. एक तास वीस मिनिटं. उसाचा रस दोनदा घेतला, नको असताना. एकोणिसाव्या प्रश्नाच्या तीन ओळींबद्दल विचार करत होते. मला वाटलं होतं पंधरा मिनिटांत उतरतील. उतरले तेव्हा आरतीचे डोळे लाल होते, त्याचे नव्हते. त्यानं मला गाडीत बसवून दिलं आणि म्हणाला, "पाणी घेतलं काय? ऊन लय आहे." इतकंच.

हा तो लिफाफा. आरतीनं डिंकानं बंद करून दिला. वर बेचाळीस लिहिलं आहे. त्याखाली तिनं लिहिलं आहे, हजर असलेली व्यक्ती, कोणी नाही. या वेळी ते खरं आहे.

आत काय आहे, मला माहीत नाही. मी उघडला नाही. कदाचित त्यानं पुन्हा मित्रच सांगितलं असेल. दुसऱ्याला सांभाळून घेण्यात तो माझ्यावर गेला नाही, बापावर गेला आहे. पण जे असेल ते त्याचं असेल. माझं मी सांगितलं.

मॅडम, तुम्ही विचारलं होतं, हा कोणत्या ढिगातला. घ्या, आता तुम्हीच ठेवा. सोमवारी जाळायच्या आधी वाचा, आणि आकडा तेवढा टिपून घ्या. एकोणतीसच्या ढिगात.

केशवरावजी, तुमची घंटी मी दोनदा ऐकली. वेळ दिल्याबद्दल तुमचे, संस्थेचे, आरतीचे आणि न कंटाळता उभ्या राहिलेल्या मुलांचे आभार. संघपाल, तुझा फॉर्म मी घेतला होता, तुझीही माफी. बोलताना चुकलं, तर पदरात घ्या असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. माझी एक चूक मॅडमनी बारा वर्षं पदरात घेतली, आणि ती कोणाची ते कोणाला दिसू दिलं नाही. आजच्या भाषणातल्या लहानमोठ्या चुका तुम्ही सगळे घ्या. ती एक मात्र मॅडम, मला परत द्या. मी ती घरी नेते.

नमस्कार.